कडीत भाला

(पडद्यावर: आयाळीत फिरणारी बोटं.)

सकाळपासून हेच चाललंय. आयाळीचा एक पेड धरायचा, वळायचा, त्यात कागदी फूल खोचायचं. घोडा डोळे मिटून उभा. वजन म्हणाल तर हजार किलोच्या आसपास. खुरांवर केसांचे झुबके, छाती कणगीसारखी. हा शर्यतीचा घोडा नव्हे, नांगर ओढणाऱ्यांच्या कुळातला आहे.

नेदरलँड्सच्या नैऋत्य टोकाला समुद्राला खेटून झीलंड प्रांत आहे. तिथल्या मिडलबर्ग शहरात, जुन्या मठाच्या चौकात, आज रिंगरायडन आहे. भरधाव घोड्यावरून कडी टिपण्याचा खेळ.

(पडद्यावर: वाळूची पट्टी, दोरीला टांगलेली कडी.)

३६ मीटरची ही धाव. मधोमध दोरी ताणलेली, दोरीवर छोटं खोबण आणि खोबणीत कडी. आतला व्यास ३८ मिलिमीटर. डाव्या हातात लगाम, उजव्या हातात भाला. खोगीर नाही, म्हणजे रिकीबही नाही. एवढ्या रुंद पाठीवर मांड ठोकायची ती फक्त मांड्यांच्या जोरावर. घोडा दुडक्या चालीनं आला तर ती फेरी धरत नाहीत, दौड हवी. बघणारे नेमबाजीला दाद देतात. आम्हाला विचाराल तर अर्धं श्रेय घोड्याचं. तो बुजला, जरा तिरका झाला, की कितीही नेमका हात असो, भाला कडीच्या बाजूनं निघून जातो.

(पडद्यावर: स्वार एका रांगेत. मग गर्दीतल्या आजीबाई.)

स्वारांचे कपडे पांढरे, वर नारिंगी पट्टा. नारिंगी हा इथल्या राजघराण्याचा रंग. मुलीही आता स्वारीला उतरतात.

आणि या आजी. लेसची पांढरी टोपी, कपाळाच्या दोन्ही बाजूंना सोन्याची वेटोळी, गळ्यात लाल पोवळ्यांच्या माळा. बाह्या कोपराच्या वर इतक्या घट्ट, की दंडात रुतलेल्या दिसतात. पोवळी किती पदरी, यावरून घरची ऐपत कळायची. शेजारच्या झाउड-बेफेलंडमध्ये तर टोपीच्या आकारावरून बाई कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे लांबून ओळखू यायचं. रोज हा पोशाख घालणाऱ्या आता मोजक्याच उरल्यात.

ऑक्टोबर १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी किनाऱ्यावरच्या वेस्टकापेल गावाचा बांध फोडला आणि वाल्खरनच्या, म्हणजे मिडलबर्गभोवतीच्या या भागाच्या, शेतांत समुद्र शिरला. पुढं ट्रॅक्टर आले, घोड्यांचं काम गेलं. १९५० मध्ये झीलंडच्या स्वारांनी संघटना बांधली. आज हा घोडा गोठ्यात आहे तो बराचसा या खेळाच्या निमित्तानं.

(पडद्यावर: संध्याकाळची तिरपी उन्हं. दोघेच स्वार उरलेत.)

बरोबरी झाली. आता कडी बदलणार. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान, शेवटची १० मिलिमीटरची. म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढी. इतक्या लांबून कडी तुम्हाला दिसणार नाही. भाल्याच्या टोकाकडे बघा.

(निवेदन थांबतं. फक्त टापा.)