हीरो पॉइंट म्हणजे बंधाऱ्याचं पाणी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'हीरो पॉइंटचा समतोल'. समोर बसलेले बहुतेक जण टेबलावर रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढे नेण्याचे खेळ, खेळणारे आहेत आणि निम्मे तरी डीएमच्या, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसणारे, त्यामुळे डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, इथून सुरुवात करत नाही. वेगवेगळ्या खेळांत हीरो पॉइंटला इन्स्पिरेशन म्हणा, बेनी म्हणा, फेट पॉइंट म्हणा, वस्तू एकच. फासा विरोधात गेला की खेळाडूने मध्ये हात घालायचा आणि नशीब वळवायचं. हा हात मोजक्याच वेळा घालता येतो.

या नियमांवर वाद घातला जातो तो 'पॉइंटमध्ये जोर किती असावा' यावर. एक म्हणतो सहा बाजूंचा फासा टाकून तो आकडा आधीच्या आकड्यात मिळवा, दुसरा म्हणतो रीरोल, म्हणजे फासा परत टाकायची संधी, द्या. माझ्या मते हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचं ते हे, की पॉइंट येतो कुठून, आणि नाही वापरला तर जातो कुठे?

धुळ्यात बोलतोय म्हणून पांझरेकडे बघू. या नदीवरची फड पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडं सविस्तर बोलतो, कारण सगळं मर्म त्यात आहे. नदीत दगडी बंधारा. बंधाऱ्याने वळवलेलं पाणी उताराने कालव्यात, कालव्यातून चाऱ्यांत, म्हणजे छोट्या पाटांत, चाऱ्यांतून फडात, म्हणजे शेतांच्या गटात. एका फडात एकच पीक, म्हणजे पाण्याची गरज सगळ्यांची सारखी. पाणी शेतकरी स्वतः फोडून घेत नाही, पाणी वाटायला नेमलेला पाटकरी देतो, आणि तो पाळीने देतो. ज्याचा आवाज मोठा त्याचं शेत आधी भिजत नाही. नदी आटली त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, तेही सगळ्यांनी मिळून ठरवून. तीनशे वर्षांहून जुनी ही व्यवस्था. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बंधारा हे धरण नव्हे. तो पाणी साठवत नाही, फक्त वळवतो. आज घेतलं नाहीत तर ते पाणी बंधाऱ्यावरून वाहून तापीला जातं. पुढच्या पाळीला कोणी 'मागचं माझं शिल्लक आहे' असं म्हणू शकत नाही.

हीरो पॉइंट असा हवा. आपल्याकडे मात्र टेबलोटेबली तो धरणासारखा वापरला जातो. खेळाडू अडवून ठेवतात, आणि शेवटच्या लढाईला सगळे दरवाजे एकदम उघडतात.

त्याने काय होतं ते जवळून बघा. पाच खेळाडू, प्रत्येकासमोर तीन पॉइंट, एका पॉइंटला एक रीरोल. पहिल्या तासात दोर तुटतो, एक जण दरीत पडतो. दुसऱ्या तासात वाटाड्याला पटवण्याचा फासा फसतो आणि तो रात्रीतून पळून जातो. तिसऱ्या तासात दारावरचा सापळा उडतो. तिन्ही वेळा पॉइंट समोर पडलेले, तिन्ही वेळा टेबलावर एकच वाक्य, 'राहू दे, मोठ्या लढाईला लागतील.' मग येतो मांत्रिक. त्याचा सगळ्यांना जखडणारा मंत्र, त्यातून सुटायला, म्हणजे सेव्ह करायला, वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा जास्त हवेत. पाचांतले सरासरी अडीच जण जखडायला हवेत. पण अडीच रीरोल झाले की जखडतात सव्वा. म्हणजे फेरीला अडीच पॉइंट खर्च, आणि साठा पंधराचा. सहा फेऱ्या पुरेल इतका. लढाई तर तीन-चार फेऱ्यांत आटोपते. मांत्रिक कधी धोकादायक वाटलाच नाही. डीएम पुढच्या वेळी मांत्रिकाची ताकद वाढवतो, खेळाडू आणखी साठवतात, आणि मधले तीन तास कोरडे ते कोरडेच राहतात.

साठवणं हा खेळाडूचा स्वभावदोष नाही, नियम त्याला तसं शिकवतो. 1984 च्या मार्व्हल सुपर हीरोज खेळात फासा सुधारायला कर्मा वापरायचा आणि आपली ताकद कायमची वाढवायलाही तोच कर्मा. मग खाली पडणाऱ्या माणसाला वाचवायला कर्मा खर्चणारा खेळाडू स्वतःच्या प्रगतीचं नुकसान करून घेतो. शूरपणाला दंड लावणारा हा नियम मला अजूनही खटकतो. वाढीचे गुण आणि नशिबाचे गुण एका पेटीत कधीच ठेवू नका.

दुसरी गळती देण्याच्या बाजूला आहे. 2014 च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये चांगला अभिनय केला की डीएमने इन्स्पिरेशन द्यायचं. एका वेळी एकच, साठवता येत नाही. म्हणजे तापीला जाण्याची सोय आहे, पण पाटकरी नाही. डीएमच्या डोक्यात शत्रूंचे आकडे, नकाशा, कोणाची पाळी कधी, इतकं असतं की तो द्यायचं विसरतो. आठवलंच, तर मोठ्याने बोलणाऱ्याला मिळतं. कोपऱ्यात बसून नकाशा काढणारी, दर वेळी नेमका प्रश्न विचारणारी मुलगी कोरडी राहते. डीएम वाईट म्हणून नव्हे, पाळी ठरलेली नाही म्हणून.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. आता आकडे, जरा भराभर.

पॉइंट फासा टाकण्याआधी जाहीर करायचा की नंतर, हे ठरवल्याशिवाय जोर मोजता येत नाही. 2014 चं इन्स्पिरेशन आधी जाहीर करायचं, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. यशाची शक्यता 50 टक्के असेल तर ती 75 होते, म्हणजे एका पॉइंटला 25 टक्क्यांचा फायदा. त्याच खेळाच्या 2024 च्या नियमात फासा पडल्यावर रीरोल करता येतो. मग पॉइंट फसल्यावरच खर्च होतो, आणि त्याच ठिकाणी खर्चलेल्या प्रत्येक पॉइंटला 50 टक्के मिळतात. दुप्पट. यश मुळात 75 टक्के असेल तर आधी जाहीर करून पावणेएकोणीस, नंतर वापरून पंचाहत्तर. चौपट. म्हणून 'नंतर' वापरायचे पॉइंट 'आधी'च्या निम्मेच वाटा.

सहा बाजूंचा फासा मिळवायचा असेल तर तूट बघा. एकने हुकलं तर खात्रीने भरून निघतं, सहाने हुकलं तर सहात एकदा, सातने हुकलं तर पॉइंट खर्चूच नका. अर्थात डीएमने हवा असलेला आकडा सांगितला पाहिजे. लपवला तर खेळाडू घाबरून खर्च करत नाही आणि साठा परत सुरू.

किती वाटायचे? पाथफाइंडर या खेळाच्या 2019 च्या आवृत्तीचा हिशेब चांगला आहे. सेशनच्या, म्हणजे एका बैठकीच्या, सुरुवातीला प्रत्येकी एक, पहिल्या तासानंतर अख्ख्या टेबलाला मिळून साधारण तासाला एक, कोणाकडेही तीनपेक्षा जास्त नाहीत, सेशन संपलं की शिल्लक बुडाली. पाच जण, चार तास, एकूण आठ. सॅव्हेज वर्ल्ड्स या खेळात प्रत्येकी तीन बेनी, म्हणजे सुरुवातीलाच पंधरा. तिथे मारही तसाच जबर बसतो आणि बेनी खर्चून जखम टाळायचा प्रयत्न करता येतो, म्हणून ते चालतं. एका खेळाचा आकडा उचलून दुसऱ्यात टाकू नका.

तासाचा पॉइंट डीएमच्या मर्जीवर सोडू नका, पाळी लावा. पहिला डीएमच्या उजवीकडच्याला, पुढचा त्याच्या शेजारच्याला. मोबाइलचा गजर लावा, नाहीतर बट्ट्या तळून ताटात येईपर्यंत दोन तास निघून गेलेले असतात. चार तासांत तीनच वाटले जातात, म्हणून पुढच्या सेशनला पाळी जिथे थांबली तिथूनच धरा.

पॉइंट कागदावर लिहू नका. चिंचोके घ्या. काळे, गुळगुळीत, बोटांत फिरवता येतात, आणि पितळी ताटलीत टाकला की टण्णकन वाजतो. सगळ्यांना कळतं की खर्च झाला. समोर तीन चिंचोके दिसत असताना चौथा घेता येत नाही, तेव्हा माणूस आपसूक एक वापरतो.

मरण टाळण्याचा हक्क याच ढिगात घातलात तर प्रत्येक जण शेवटचा चिंचोका मुठीत धरून बसेल. पाथफाइंडरमध्ये मरताना असतील ते सगळे पॉइंट द्यावे लागतात, एक असो वा तीन. त्यामुळे एक राखून बाकीचे दोन तरी मोकळे होतात. त्याहून बरं, मरणासाठी वेगळी कवडी ठेवा, अख्ख्या मोहिमेत प्रत्येकी एक. ती गेली की गेली.

डीएमला पॉइंट द्यायचे का, असं चिठ्ठीवर कोणीतरी विचारलंय. द्या, पण खेळाडूंच्या एकूण आकड्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नकोत, आणि तेही ताटलीत उघडे मांडलेले. ते फक्त नाव असलेल्या शत्रूसाठी वापरा, रस्त्यातल्या लांडग्यांसाठी नको.