पहिली कुऱ्हाडफेक स्पर्धा: तयारी कशाची करायची?

(साताऱ्यात नवोदित खेळाडूंसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

कुऱ्हाडफेकीच्या स्पर्धेला जातोय म्हटलं की घरचे आधी हसतात आणि मग काळजीत पडतात. त्यांचं काही चुकत नाही. आपल्याकडे कुऱ्हाड घरोघरी असते, पण ती कुणी फेकत नाही. फेकली तर पंचनामा होतो. फेकायचा हा खेळ आला कॅनडातून. 2006 साली टोरांटोत मॅट विल्सन यांनी मित्रांना जमवून परसात लाकडी फळ्यांवर कुऱ्हाडी फेकायला सुरुवात केली आणि त्यातून लीग उभी राहिली. आज दोन मोठ्या संघटना आहेत: वर्ल्ड अ‍ॅक्स थ्रोइंग लीग आणि इंटरनॅशनल अ‍ॅक्स थ्रोइंग फेडरेशन. दोघींचे नियम वेगळे. म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकाला पहिला प्रश्न विचारा की सामने कुणाच्या नियमांनी होणार.

लीगच्या नियमांत सामन्याला दहा फेकी. बाहेरच्या वर्तुळापासून आत 1, 2, 3, 4 आणि मधल्या बुलला 6 गुण. वरच्या कोपऱ्यांत दोन छोटे ठिपके असतात, ते किलशॉट, 8 गुणांचे. ते आधी पुकारून मागावे लागतात आणि सामन्यात दोनदाच मागता येतात. आठ बुल आणि दोन किलशॉट मिळून 64, त्याच्या वर कुणी जाऊ शकत नाही. फेडरेशनकडे पाच-पाच फेकींच्या तीन फेऱ्या, गुण 5, 3, 1, आणि फेरीच्या शेवटच्या फेकीला मागता येणारा 7 गुणांचा क्लच, म्हणजे तिथला वरचा छोटा ठिपका. तिथं पूर्ण गुण 81. एका फळ्यावर महिनाभर सराव करून दुसऱ्या प्रकारच्या फळ्यासमोर उभं राहिलात, तर पहिले दोन सामने हिशेब लावण्यातच जातील.

आता मुख्य मुद्दा. नवीन माणूस हाताची तयारी करतो. जोर, दंड, खांदे. आपल्या जिल्ह्यात तालमीत अंग कमावलेली पोरं भरपूर, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त कुऱ्हाडी त्यांच्याच उलट्या येतात. फळ्यापासून साधारण बारा फुटांवर उभं राहिलं की कुऱ्हाड हवेत एक पूर्ण गिरकी घेते आणि पातं पुढं येऊन लागतं. जोर वाढवला, मनगट झटकलं की गिरकी वाढते. हा जोराचा खेळच नाही. तीच फेक पुन्हा पुन्हा करता येणं, एवढंच इथं कमवायचं असतं. आपल्याच साताऱ्याची आदिती स्वामी 2023 साली बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात पंधरा बाण, 150 पैकी 149. त्या पंधरा बाणांत सगळ्यात जोरदार कोणता होता, असं कुणी विचारतं का?

म्हणून तयारी पायांपासून करा. जमिनीवर खडूची रेघ मारा, पुढच्या पायाचा अंगठा दर वेळी तिथंच. सुरुवातीला दोन्ही हातांनी फेका, मनगटं ताठ, हात सरळ फळ्याच्या दिशेनं येऊ द्या आणि डोळ्यांसमोर आले की सोडा. मग फळ्यात रुतलेल्या कुऱ्हाडीकडे नीट बघा, ती सगळं सांगते. दांडा वर उचललेला असेल तर गिरकी जास्त झाली, चार बोटं पुढं सरका. दांड्याचं टोक फळ्याला टेकलंय किंवा आधी तेच आपटलं, तर गिरकी कमी पडली, तेवढंच मागं या. पुढं सरकताना फाउलच्या रेषेचं भान ठेवा. एका वेळी एकच बदल. पाय हलवला, पकड बदलली आणि जोरही वाढवला, तर फरक कशानं पडला हे देवालाही सांगता यायचं नाही.

कुऱ्हाडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं माझी मतं जरा कडक आहेत. बाजारातली लाकूडतोडीची कुऱ्हाड आणू नका. लोहारानं ती बाभळीचा बुंधा तोडायला घडवलेली असते. तिचं डोकं जड, पातं नियमात बसायचं नाही. स्पर्धेची कुऱ्हाड आटोपशीर असते, डोकं पाऊण किलोच्या आसपास. नियमपत्रकात वजन, पात्याची रुंदी, दांड्याची लांबी दिलेली असते. काटा आणि टेप घेऊन घरीच मोजा. दांडा लाकडीच घ्या, तुटला तर बदलता येतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, आपल्या खेळात तो सैल झाला की मालकालाच काळ! डोकं हलायला लागलं की गावाकडं कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी घट्ट होते, खरं आहे. पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात दाबलं जातं आणि वाळल्यावर आधीपेक्षा आकसतं. दुसऱ्या दिवशी जास्त सैल. त्यापेक्षा पाचर ठोकून घ्या आणि वरच्या टोकाला जवसाचं तेल पाजा. धार वस्तऱ्यासारखी नको. आपटून पात्याला काटे येतात, ते कानशीनं काढले की पुरे.

फळ्यांचं म्हणाल तर मऊ लाकूड हवं. पॅकिंगच्या खोक्यांचं चीड चालतं, सावर मिळाली तर उत्तमच. सागाच्या नादी लागू नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे फळ्या इतक्या कोरड्या पडतात की कुऱ्हाड लागून परत येते. सरावाआधी पाणी मारा. घराच्या भिंतीला टेकवून, मागं गल्ली असताना सराव करणाऱ्यांनी कृपया हा खेळ सोडावा.

स्पर्धेआधीचे दोन आठवडे सुट्या फेकी बंद करा आणि सामने खेळा. शेजारी कुणाला तरी उभं करा, दोघांनी फेका, दोघांची फेक झाल्याशिवाय कुणीही पुढं जायचं नाही. मध्ये वीस मिनिटं नुसतं बसून राहा आणि मग थंड हातानं लगेच सामना सुरू करा. स्पर्धेत वाट बघणंच जास्त असतं आणि त्याचा सराव कुणी करत नाही. गुण पुकारून दोघांना मान्य झाल्यावरच कुऱ्हाड उपटायची, ही सवयही आत्ताच लावा. घाईनं उपटलेल्या कुऱ्हाडीचा गुण मागून भांडून मिळत नाही.

किलशॉट कधी मागायचा? साधं गणित आहे. तुमची फेक सरासरी चार गुण देत असेल, तर दोनांतला एक किलशॉट बसला तरच बरोबरी होते, कारण चुकला की शून्य. सरासरी पाच असेल तर आठांतले पाच बसायला हवेत. वहीत लिहून बघा, बहुतेकांचे तेवढे बसत नाहीत. मग लोक मागतात कशाला? टाळ्यांसाठी. हं, शेवटच्या फेकीला सहा गुणांनी काम भागणारच नसेल तर बेलाशक मागा.

(एका मुलीनं विचारलं: सर, मुलींना वेगळी कुऱ्हाड, वेगळं अंतर घ्यावं का?)

नाही बाळ. गिरकी बसली की ताकदीचा फरक फारसा उरत नाही. हाताला हलकी वाटेल ती घे, फक्त नियमात बसणारी.

(मागून प्रश्न: एसटीतून कुऱ्हाड न्यायची कशी?)

हा खरा साताऱ्याचा प्रश्न! सणासुदीला, निवडणुकीला पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो, पेपरात येतो, आपण वाचत नाही. निघायच्या आधी तो लागू आहे का ते बघा. आदेश लागू असेल तर पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय हलू नका. नसेल तरी पात्याला चामड्याचं कव्हर, कुऱ्हाड पिशवीत खाली, सोबत आयोजकांचं पत्र आणि ओळखपत्र. कंडक्टरनं विचारलं तर सरळ सांगा, पिशवी उघडून दाखवायचा उत्साह नको. आणि एवढं नको असेल तर आयोजकांना फोन करा; बऱ्याच ठिकाणी तिथल्याच कुऱ्हाडी मिळतात. मात्र तसं असेल तर तासभर आधी पोचा आणि चार-पाच हातात घेऊन बघा. दांडा कुठला गुळगुळीत आहे, कुठल्याचं डोकं हलतंय, ते आधी आलेल्यालाच निवडता येतं.