नऊ विजय पुरेसे असतात का? नेब्रास्का आणि कोच बदलण्याचा वाद

[दृश्य: लिंकन, मेमोरियल स्टेडियम, रात्र. लाल कपड्यांतली गर्दी उभी आहे, आवाज मात्र थांबला आहे.]

10 सप्टेंबर 2022. नेब्रास्का राज्याची राजधानी, लिंकन. विद्यापीठांमधला अमेरिकन फुटबॉलचा सामना. सामन्याची 36 सेकंदं उरलेली असताना जॉर्जिया सदर्न या पाहुण्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, चेंडू स्वतःकडेच ठेवतो, आठ यार्ड धावतो आणि मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, शिरतो. पाहुणे 45, यजमान 42. या मैदानावर नेब्रास्काने 35 किंवा त्याहून जास्त गुण केलेले 214 सामने आधी होऊन गेले होते. सगळेच्या सगळे जिंकलेले. हा 215 वा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याच दिवशी मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना नारळ मिळाला.

त्यांच्या करारात एक तारीख होती: 1 ऑक्टोबर. त्याआधी काढलं तर भरपाई, म्हणजे बायआउट, 1 कोटी 50 लाख डॉलर. त्या दिवसापासून ती निम्मी, 75 लाख. मध्ये उरले होते फक्त वीस दिवस. तरीही विद्यापीठ थांबलं नाही. वीस दिवसांसाठी कुणी 75 लाख डॉलर का मोजेल? ते कळायला साठ वर्षं मागे जावं लागेल, कारण लिंकनमध्ये ‘कोच ठेवायचा की बदलायचा’ हा वाद घराघरातला आहे आणि तिथले लोक तो मनापासून घालतात.

[दृश्य: शनिवारची सकाळ. मक्याच्या शेतांमधून जाणारा रस्ता, लिंकनकडे निघालेल्या गाड्यांची रांग.]

हा अमेरिकन फुटबॉल. एका बाजूला अकरा जण, दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी. नेब्रास्कात व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. राज्याचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ, कॉर्नहस्कर्स. 1923 साली उघडलेल्या या स्टेडियममध्ये 3 नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं विकली गेली आहेत, आणि ही साखळी आता 400 सामन्यांच्या पुढे गेली आहे. 2021 मध्ये ती तुटायची वेळ आली, तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटं विकत घेऊन गरजू मुलांना दिली. पराभवाचा राग इथेही असतो, पण रागावलेला माणूस तिकीट सोडत नाही. त्यामुळे रिकाम्या खुर्च्या पाहून निर्णय घेण्याची सोय इथल्या क्रीडा संचालकाला नाही. त्याला लोकांचं बोलणंच ऐकावं लागतं.

आणि बोलणारे नेहमी बरोबर असतात असंही नाही. 1967 आणि 1968 या दोन्ही हंगामांत संघाने 6 सामने जिंकले, 4 हरले. मुख्य कोच बॉब डेव्हनी यांना हटवा, अशी मागणी उठली. डेव्हनी राहिले. त्यांनी आक्रमणाची फेरमांडणी टॉम ऑस्बर्न या तरुण सहाय्यकाकडे सोपवली आणि 1970, 1971 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आली.

पुढे ऑस्बर्न स्वतः मुख्य कोच झाले: 1973 ते 1997, पंचवीस हंगाम. एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. तरीही वर्षानुवर्षं त्यांच्याविषयी एकच तक्रार होती, की माणूस चांगला आहे पण मोठा सामना जिंकत नाही. ओक्लाहोमाविरुद्ध पहिले पाचही हंगाम हार. 1983 च्या हंगामाअखेरच्या बाउल सामन्यात, ऑरेंज बाउलमध्ये, मायामीशी 31-30 असा पराभव. तिथे साधी किक मारून बरोबरी साधली असती तर विजेतेपद जवळपास हातात होतं, पण त्यांनी दोन गुणांचा डाव लावला आणि तो फसला. पुढे 1987 ते 1993 या हंगामांत लागोपाठ सात बाउल सामने गेले. पहिलं विजेतेपद आलं 1994 मध्ये, त्यांच्या बाविसाव्या हंगामात. मग 1995. मग 1997. शेवटच्या पाच वर्षांत 60 विजय, 3 पराभव.

‘थोडा धीर धरा’ म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम पुरावा. तो खोटा नाही, पण अर्धाच सांगितला जातो. ऑस्बर्न बावीस वर्षं विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभे होते, खड्ड्यात नव्हते. नऊ-दहा सामने जिंकणाऱ्या माणसाला वेळ देणं आणि चार जिंकणाऱ्याला वेळ देणं, दोन्हीला ‘धीर’ हाच शब्द वापरला की वाद तिथेच भरकटतो.

[दृश्य: नोव्हेंबर 2003. थंड, रिकामं मैदान.]

ऑस्बर्न यांच्या जागी त्यांचेच सहाय्यक फ्रँक सॉलिच आले. सहा हंगाम, 58 विजय, 19 पराभव. 2001 मध्ये संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोचला, मात्र त्याआधी कोलोरॅडोकडून 62-36 आणि नंतर मायामीकडून 37-14 असा मार बसला. 2002 मध्ये 7 विजय, 7 पराभव. 2003 मध्ये गाडी पुन्हा रुळावर आली. शुक्रवारी, 28 नोव्हेंबरला, कोलोरॅडोला 31-22 असं हरवून विजय झाले नऊ, पराभव तीन. शनिवारी सॉलिच यांना काढलं. संघाला सामान्य होऊ देणार नाही, हे क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांचं कारण.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या वीस वर्षांचं मूळ इथे आहे. नऊ विजय मिळवणाऱ्याला काढणं हाच गुन्हा, असं अनेक चाहते आजही म्हणतात. आमच्या मते खरी चूक त्याच्या पुढच्या पावलात होती. सॉलिच यांना काढताना पुढचं नाव ठरलेलं नव्हतं. शोध महिनाभराहून जास्त चालला. नवीन मुलांना संघात घेण्याचा ऐन हंगाम, आणि त्यांच्या घरी जाऊन ‘मी तुझा कोच’ असं सांगणारा माणूसच नाही. जानेवारी 2004 मध्ये बिल कॅलहन आले, ते ओकलंड रेडर्समधून, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधून. येताना त्यांनी आक्रमणाची पद्धतच बदलली.

[दृश्य: सरावाचं मैदान. कॅमेरा खाली, गवताजवळ. आक्रमक लाइनमनचे, म्हणजे पुढच्या रांगेत अडवणाऱ्यांचे, पाय.]

ही बदललेली पद्धत जवळून बघा. जुनी पद्धत होती ‘ऑप्शन’. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, की क्वार्टरबॅक चेंडू घेऊन बाजूला सरकतो. समोरच्या बचावातला कडेचा एक खेळाडू मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, त्याला कुणी अडवत नाही. तो क्वार्टरबॅकवर धावून आला की चेंडू चार-पाच यार्ड मागून पळणाऱ्या रनिंग बॅककडे फेकायचा. तो रनिंग बॅककडे वळला की क्वार्टरबॅकने स्वतः घुसायचं. एका माणसाला न अडवताच चुकवल्यामुळे आपला एक ब्लॉकर मोकळा राहतो, आणि सगळी गंमत त्याच्यात आहे. यासाठी लाइनमन चपळ हवेत, पुढे झेप घेऊन समोरच्याच्या कमरेखाली शिरणारे. क्वार्टरबॅक आधी धावणारा हवा, फेकणारा नंतर.

कॅलहन यांची ‘वेस्ट कोस्ट’ पद्धत याच्या उलट. क्वार्टरबॅकने तीन किंवा पाच पावलं मागे घ्यायची आणि तो झेलणारा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटला पाहिजे. लाइनमनने पुढे झेपावायचं नाही, मागे सरकत भिंत धरायची. पायाच्या अंगठ्यावरचा भार टाचेकडे जातो, तळहात उघडे आणि छातीसमोर राहतात. ऑप्शनसाठी निवडलेली मुलं एका हिवाळ्यात हे शिकत नाहीत. त्यांच्या जागी योग्य मुलं आणायची तर तीन-चार वर्षांच्या भरत्या लागतात.

शिवाय वॉक-ऑन. शिष्यवृत्ती नसताना स्वतःच्या खर्चाने संघात येणारी गावोगावची मुलं हा नेब्रास्काचा कणा होता. प्रतिस्पर्ध्यांकडे नसेल एवढी माणसं त्यांच्यामुळे सरावाला असायची. कॅलहन यांच्या काळात ही फळी आखडली.

2004 मध्ये 5 विजय, 6 पराभव. सलग 35 वर्षं संघ हंगामाअखेरच्या बाउल सामन्यात खेळत होता, ती परंपरा संपली. 2007 मध्ये कॅन्ससने 76 गुण चढवले. त्याआधीच ऑक्टोबरमध्ये पेडरसन गेले होते. खुद्द ऑस्बर्न क्रीडा संचालक म्हणून परतले आणि हंगाम संपताच कॅलहनही गेले.

[दृश्य: जुन्या हंगामांचे स्कोअरबोर्ड, एकामागून एक.]

मग बो पेलिनी. 2008 ते 2014, सात हंगाम, दर हंगामात नऊ किंवा दहा विजय. आणि चार पराभव तर पाचवीला पुजलेले. हे पराभव चुरशीचे असते तर गोष्ट वेगळी होती. 2012 मध्ये बिग टेन परिषदेच्या, म्हणजे नेब्रास्का ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्याच्या, अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनकडून 70-31. 2014 मध्ये पुन्हा विस्कॉन्सिन, 59-24, आणि त्यांच्या एकट्या रनिंग बॅकने 408 यार्ड धावून काढले. ‘कोच बदला’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा होता की सात वर्षांत मोठ्या सामन्यातलं अंतर कमी झालं नाही, तर आठव्या वर्षी कसं होईल? हा प्रश्न रास्त होता. शुक्रवारी, 28 नोव्हेंबर 2014 ला, आयोवाला जादा वेळेत 37-34 असं हरवलं. नऊ विजय, तीन पराभव. रविवारी पेलिनी यांना काढलं. अकरा वर्षांनी तोच शुक्रवार, तेच आकडे, तोच शेवट.

नंतर आलेले माइक रायली तीन हंगामांत 19-19, म्हणजे 19 विजय आणि 19 पराभव, करून गेले.

आता परत फ्रॉस्ट. नेब्रास्काचाच मुलगा, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. सेंट्रल फ्लोरिडाला 2017 मध्ये एकही सामना न हरता 13-0 वर नेलेला कोच. याहून योग्य माणूस सापडला नसता, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. पाच हंगामांत मिळून 16 विजय, 31 पराभव.

त्यांच्याबाबत चाहत्यांत इतकी वर्षं फूट का राहिली, हे 2021 च्या आकड्यांत दिसतं. 3 विजय, 9 पराभव. पण नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांनी, आणि हंगामभरात संघाने दिलेल्या गुणांपेक्षा केलेले गुण जास्त. ‘नशीब फिरलं की हाच संघ आठ जिंकेल’, असं म्हणायला जागा होती. संख्याशास्त्रही साधारण हेच सांगतं: थोडक्यात हरलेले सामने पुढच्या वर्षी अर्धे इकडे, अर्धे तिकडे जातात.

मात्र ते हरले कसे, ते बघायला हवं. 25 सप्टेंबर 2021, मिशिगन स्टेट. चार मिनिटांहून कमी वेळ उरलेला, नेब्रास्का 20-13 ने पुढे. पंट, म्हणजे चेंडू लांब लाथाडून समोरच्यांच्या ताब्यात देणारी किक, मारायचा आहे. चेंडू जिकडे जाणार तिकडे दहा जणांनी धावायचं, एवढंच ठरलेलं असतं. दहा जण एका बाजूला धावले, चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. समोरच्याने तो उचलला आणि 62 यार्ड मोकळ्या मैदानातून धावत बरोबरी केली. जादा वेळेत 23-20 असा पराभव. याला नशीब म्हणता येत नाही. ही सरावातली चूक आहे, आणि सराव कोचच्या हातात असतो. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किकचा, म्हणजे आखूड किक मारून चेंडू पुन्हा आपणच मिळवण्याचा, डाव लावला. चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळाला आणि सामना 31-28 असा गेला. आठ किंवा कमी गुणांनी ठरलेल्या सामन्यांत त्यांचा एकूण हिशेब 5 विजय, 22 पराभव. सत्तावीस सामन्यांत नाणं इतकं एका बाजूला पडत नाही.

[दृश्य: कराराची पानं, अक्षरं जवळून.]

मग आधीच का नाही काढलं? कारण करार. नोव्हेंबर 2019 मध्ये फ्रॉस्ट यांचा हिशेब 8 विजय, 13 पराभव असताना करार 2026 पर्यंत वाढवला गेला. बाहेरून हे अनाकलनीय दिसतं. पण शाळेतल्या मुलाला चार वर्षांसाठी बोलावताना कोचच्या करारात दोनच वर्षं उरली असली, की दुसरं विद्यापीठ त्या मुलाला सांगतं, ‘हा माणूस तू पदवी घेईपर्यंत टिकणार नाही.’ म्हणून भरती वाचवायला करार वाढतो. करार वाढला की बायआउट फुगतो. बायआउट फुगला की वाईट कोचसुद्धा काढता येत नाही. टेक्सस ए अँड एमने 2020 च्या 9-1 या हंगामानंतर जिंबो फिशर यांचा करार असाच वाढवला. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांना काढताना सुमारे 7 कोटी 70 लाख डॉलर देणं लागले. त्यात दुसरी नोकरी मिळाल्यास रक्कम कमी होईल, असं कलमही नव्हतं. चाहत्यांनी आवाज करायचा असेल तर तो हकालपट्टीच्या वेळी नको, करारवाढीच्या वेळी करावा. तेव्हा कुणी करत नाही, कारण तेव्हा सगळे खुशीत असतात.

2021 च्या शेवटी नेब्रास्काने मधला मार्ग काढला. कोच ठेवला, पगार 50 लाखांवरून 40 लाख डॉलरवर आणला, बायआउट घटवला, आणि आक्रमणाच्या चार सहाय्यकांना काढलं. हा मार्ग क्वचितच चालतो. नव्या सहाय्यकांना माहीत असतं की साहेबाची खुर्ची एका हंगामाची आहे. मुलांनाही माहीत असतं.

आणि म्हणूनच ते वीस दिवस. आता भरतीतल्या बहुतेक मुलांच्या सह्या डिसेंबरात होतात, आणि 2022 च्या नियमाने कोच गेला की त्या संघाच्या खेळाडूंना संघ बदलायला तेव्हा 30 दिवसांची वेगळी मुदत मिळत होती. सप्टेंबरात कोच काढला तर शोधाला अडीच महिने मिळतात आणि प्रत्येक पात्र माणसाला कळतं की ही जागा रिकामी आहे. त्या रात्री जिंकलेल्या जॉर्जिया सदर्नचे कोच क्ले हेल्टन यांना सुमारे एक वर्षापूर्वी सदर्न कॅलिफोर्नियाने हंगामाच्या दोन सामन्यांनंतर असंच काढलं होतं. त्या शरद ऋतूतल्या शोधातून त्या विद्यापीठाला नोव्हेंबरात लिंकन रायली मिळाले. नेब्रास्काने 26 नोव्हेंबर 2022 ला मॅट रूल यांचं नाव जाहीर केलं: आठ वर्षं, 7 कोटी 40 लाख डॉलर. 2003 मध्ये जो महिना वाया गेला होता, तो या वेळी विकत घेतला होता.

[दृश्य: डिसेंबर 2024, न्यूयॉर्क, यँकी स्टेडियम. लाल टोप्या, वाफ सोडणारे चेहरे.]

रूल यांचा पहिला हंगाम 5-7. दुसऱ्या हंगामात संघ बॉस्टन कॉलेजला 20-15 हरवून 7-6 वर थांबला. 2016 नंतरचा तो पहिला बाउल सामना. 2017 ते 2024 या आठ हंगामांत नऊ विजय एकदाही आले नाहीत. स्टँडमध्ये आजोबांच्या शेजारी बसलेला दहा वर्षांचा नातू सात विजयांवर नाचतो आहे. आजोबा टाळ्या वाजवतात आणि त्याला सांगायला लागतात, की एके काळी इथे नऊ विजयांवर कोच काढला होता.