राजाचा चेहरा आणि नासपती

नमस्कार श्रोतेहो.

१४ नोव्हेंबर १८३१. पॅरिसच्या कोर्टात ‘ला कारिकात्यूर’ या साप्ताहिकाचे चालक शार्ल फिलिपाँ उभे आहेत. व्यंगचित्रातून राजा लुई-फिलिपचा अवमान केल्याचा आरोप आहे. बचावासाठी त्यांनी कोर्टापुढे चार चेहरे ठेवले. पहिला हुबेहूब राजाचा: माथ्यावर केसांचा झुबका, खाली सुटलेले गाल. दुसऱ्यात गाल आणखी फुगले. तिसऱ्यात नाकडोळे फळाच्या सालीत विरत चालले. चौथी तर नुसती नासपती, देठापानासकट! त्यांचं म्हणणं एवढंच, की साम्य हाच गुन्हा असेल तर शिक्षा या फळालाही द्यावी लागेल.

शिक्षा झालीच. सहा महिने कैद आणि २,००० फ्रँक दंड. पण नासपती सुटली ती सुटलीच. पॅरिसच्या भिंतींवर पोरंटोरं ती काढू लागली.

हे शक्य झालं ते शिळाछापामुळे. हो, जुन्या मराठी पोथ्या ज्यावर छापल्या गेल्या, तोच शिळाछाप. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने थेट चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. चित्राची रेघ पाणी धरत नाही, म्हणून तेलकट शाई फक्त तिच्यावरच बसते. मध्ये खोदकाम करणारा कोणी नाही. चित्रकाराच्या हाताचा दाब, थरथर, राग सगळं कागदावर उतरतं.

हा राग सर्वांत सुंदर उमटला तो व्यंगचित्रकार ओनोरे दोमिएच्या हातातून. पैशांच्या टोपल्या गिळणारा राजा काढल्याबद्दल त्यानेही तुरुंग भोगला. त्याने खासदारांची वीतभर उंचीची डोकी कच्च्या मातीत घडवून रंगवली आणि त्यांवरून पुढे चित्रं काढली. त्या डोक्यांतली ३६ आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. कुणाचा ओठ लोंबतोय, कुणाचं नाक हनुवटीला टेकू पाहतंय. मला ही डोकी फार जवळची वाटतात. त्यांत टवाळी आहेच, पण माणूस निरखून पाहणाऱ्याची माया त्याहून जास्त आहे.

सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्याआधी सरकारची परवानगी सक्तीची केली आणि ‘ला कारिकात्यूर’ बंद पडलं. त्याआधी, १८३४ मध्ये, फिलिपाँच्याच ‘ल शारिवारी’ या दैनिकाला एका खटल्याचा निकाल पहिल्या पानावर छापायचा हुकूम झाला होता. त्यांनी तो छापला. फक्त ओळी अशा जुळवल्या, की वर निमुळता आणि खाली फुगीर होत गेलेला तो मजकूर नासपतीच्या आकाराचा झाला.