रिकाम्या बंदुकीचा आवाज

पडद्यावर दिसणारे हे शहर आपण याआधी कुठे तरी पाहिले आहे. पावसाने काळवंडलेल्या इमारती, फुटक्या खिडक्यांतून आत शिरलेल्या वेली, रस्त्याच्या मधोमध गंजत पडलेल्या मोटारी आणि या सगळ्यावर पसरलेले फिकट ऊन. जगबुडीनंतरच्या जगात घडणाऱ्या कोणत्याही आगामी गेमचे पहिले चित्रण बहुधा इथूनच सुरू होते, आणि पाहणारा पहिल्या अर्ध्या मिनिटातच हरखून जातो. पण उजाड शहर उभे करणे ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. कुशल चित्रकार आणि पुरेसा पैसा हाताशी असला की पडकी भिंत हवी तितकी देखणी करता येते. अवघड असते ती टंचाई दाखवणे, कारण टंचाई भिंतीवर रंगवता येत नाही. ती खेळणाऱ्याच्या हाताला जाणवावी लागते.

हे नेमके काय असते, ते पाहण्यासाठी आपण जून २०१२ मध्ये जाऊ. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सोनीच्या मंचावर नॉटी डॉग या स्टुडिओने ‘द लास्ट ऑफ अस’ या आपल्या आगामी गेमचा डेमो प्रत्यक्ष खेळून दाखवला. जोएल हा मध्यमवयीन माणूस आणि एली ही चौदा वर्षांची मुलगी पिट्सबर्ग शहरातल्या एका ओसाड हॉटेलातून वाट काढत आहेत आणि तिथे त्यांची गाठ शस्त्रधारी लुटारूंशी पडते. चकमक सुरू असताना जोएल एका माणसावर बंदूक रोखतो, चाप ओढतो आणि गोळीऐवजी नुसता ‘खट्’ असा आवाज येतो. तो आवाज समोरच्यालाही ऐकू जातो. याच्याजवळच्या गोळ्या संपल्या हे त्याने ताडलेले असते आणि तो बेधडक अंगावर चालून येतो.

हा क्षण पुन्हा एकदा, सावकाश पाहू. तोवरच्या बहुतेक गेममध्ये गोळ्या संपणे ही खेळणारा आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा यांच्यातली खासगी बाब असे. शत्रूला तिचा पत्ता नसे, त्यामुळे रिकामी बंदूक भरीपर्यंत कुठे तरी दडून राहिले की काम भागत असे. इथे मात्र आपली गरिबी शत्रूला कळते आणि तो तिचा फायदा उठवतो. पडक्या भिंती त्या डेमोत पुष्कळ होत्या, पण या जगात जगणे किती महाग आहे हे खऱ्या अर्थाने सांगितले ते या एका आवाजाने.

लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र डेमोचा शेवट. गयावया करणाऱ्या माणसावर अगदी जवळून बंदूक झाडली जाते, पडदा काळा होतो आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळ्यांवर पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. तरीही, त्या काही मिनिटांतला सर्वांत मोलाचा क्षण कोणता असे विचारले, तर प्रस्तुत निवेदक रिकाम्या बंदुकीकडेच बोट दाखवेल.

अशा डेमोची घडण कशी असते हे माहीत असले की पहिल्या दर्शनाची धुंदी थोडी उतरते. संपूर्ण गेम तयार होण्याच्या कितीतरी आधी त्याचा एकच तुकडा निवडून तो पूर्ण झळाळीने घडवला जातो. त्यात प्रकाश, आवाज, शत्रूंच्या हालचाली असे सारे काही असते, पण त्या तुकड्याच्या पलीकडे अनेकदा अर्धवट भिंती आणि रिकाम्या जागा असतात. कंट्रोलर ज्याच्या हाती असतो त्याने तोच मार्ग पुन्हा पुन्हा खेळून पाठ केलेला असतो. हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कॅमेरा कसा फिरतो ते पाहावे. पाठ केलेल्या खेळात तो संथपणे दृश्यावरून फिरतो आणि नेमक्या वेळी नेमक्या ठिकाणी थांबतो. घरी बसून खेळणारा माणूस असा कधीच खेळत नाही. तो भिंतीला धडकतो, प्रत्येक खण उघडून पाहतो आणि सूर्यास्ताकडे पाठ करून कोपऱ्यातल्या कपाटात डोके खुपसतो. चित्रणाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली ओळही वाचावी. दृश्य इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टिपले आहे असे सांगणे आणि ते कोणी तरी खेळत असताना टिपले आहे असे सांगणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

‘द लास्ट ऑफ अस’ १४ जून २०१३ रोजी सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रावर आला, तेव्हा डेमोने दिलेले सारेच त्यात जसेच्या तसे नव्हते. लपूनछपून पुढे सरकताना एली शत्रूच्या अगदी डोळ्यांसमोरून पळाली तरी त्याला ती दिसत नसे. हे मुद्दाम केलेले होते, कारण सोबतिणीच्या चुकीमुळे आपण पकडले गेलो तर खेळणाऱ्याला तो अन्याय वाटला असता. टंचाई मात्र टिकून राहिली, किंबहुना अधिक धारदार झाली. जखम बांधण्याची पट्टी आणि शत्रूवर फेकायची पेटती बाटली या दोन्हींना लागणारे साहित्य एकच, म्हणजे मद्यार्क आणि चिंधी. त्यातून काय बनवायचे ते गुडघ्यावर बसून, पाठीवरची पिशवी उघडून ठरवावे लागते आणि तेवढा वेळ गेम थांबत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘द डे बिफोर’चे. २०२१ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या या गेमच्या पहिल्या चित्रणाने असंख्य खेळाडूंना इतके भारून टाकले की काही काळ तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सर्वाधिक विशलिस्ट झालेला, म्हणजे सर्वाधिक लोकांनी ‘हवा आहे’ अशी नोंद केलेला गेम होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे दहा मिनिटांचे नवे चित्रण आले. त्यात रस्ते होते, दुकाने होती, घरे होती आणि बराच वेळ नुसते चालणे होते. कशाची चणचण आहे आणि कोणाचे भय आहे, याचा उलगडा त्या दहा मिनिटांत फारसा होत नव्हता. ७ डिसेंबर २०२३ रोजी गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, उपलब्ध झाला, चारच दिवसांनी स्टुडिओने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सर्व्हरही थांबले.

आता पडद्यावर शेकोटी आहे आणि तिच्याभोवती काही माणसे बसली आहेत. जून २०२१ मध्ये दाखवलेले हे ‘स्टॉकर २’ या तेव्हाच्या आगामी गेमचे गेमप्ले चित्रण, ज्यात प्रदर्शनाची तारीख २८ एप्रिल २०२२ अशी दिली होती. ती पुढे ढकलली गेली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला करून युद्ध सुरू केले, कीव्हमधल्या जीएससी गेम वर्ल्ड या स्टुडिओतले बरेच लोक प्रागला हलले आणि गेम अखेर २० नोव्हेंबर २०२४ रोजी आला. चेर्नोबिलच्या परिसरातल्या या मालिकेत जमिनीवर डोळ्यांना सहज न दिसणारे जीवघेणे सापळे पसरलेले असतात आणि ते शोधण्यासाठी नायक पुढच्या वाटेवर लोखंडी बोल्ट फेकत चालतो. बोल्ट पडतो तिथली हवा क्षणभर थरथरते, कधी ज्वाळा उसळते, आणि पाऊल कुठे टाकायचे नाही ते कळते. २००७ च्या पहिल्या भागापासून ही रीत चालत आली आहे. अन्न, औषध, काडतुसे हे सगळे इथे मोजून वापरावे लागते. खिशातले बोल्ट मात्र कधीच संपत नाहीत.