टाइल जिथे वळते तिथे

मित्रहो, विटांच्या टाइलची, म्हणजे भिंतीवर चिकटवायच्या विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइलची, निवड सहसा एका बोर्डावरून होते. त्यावर सहा-आठ टाइल चिकटवलेल्या असतात, सगळे जण तो उन्हात धरून रंग आणि पोत बघतात आणि ऑर्डर जाते. सपाट भिंतीपुरतं हे ठीक आहे. पण खिडकी आली, दार आलं, की भिंत आत वळते, आणि तिथे टाइलची खरी जाडी, जेमतेम दोन सेंटीमीटर, उघडी पडते. म्हणून ब्रिक टाइलचं ड्रॉइंग खिडकीच्या कडेपासून सुरू करावं आणि मोकळ्या भिंतीकडे सर्वांत शेवटी यावं, असं माझं ठाम मत आहे.

ही अडचण जुनी आहे. अठराव्या शतकात दक्षिण इंग्लंडात, विशेषतः ससेक्स आणि केंट भागात, लाकडी सांगाड्याच्या घरांवर ‘मॅथेमॅटिकल टाइल’ बसवत. एकीवर एक अडकवायच्या, समोरून हुबेहूब विटांची भिंत दिसायची. ससेक्समधल्या ब्रायटन शहरातल्या रॉयल क्रेसेंट या घरांच्या रांगेची काळी चकचकीत दर्शनी बाजू याच टाइलची. पण अशा घरांच्या कोपऱ्यांवर आणि खिडक्यांच्या कडांना बऱ्याचदा लाकडी पट्टी मारलेली सापडते, कारण तिथे टाइलची कड झाकायला दुसरा सोपा उपाय नव्हता. जाणकार माणूस आजही आधी त्या कडाच तपासतो.

आपल्याला दोन रस्ते मोकळे आहेत. टाइल आहे हे उघड सांगायचं, किंवा ती वीट वाटेल अशी बसवायची. पहिल्या रस्त्याचा सुंदर दाखला व्हिएन्नामधली वास्तुकार ओटो वॅग्नरची पोस्टल सेव्हिंग्ज बँक. तिथे भिंतीवर संगमरवराच्या पातळ लाद्या आहेत आणि बोल्टची डोकी मुद्दाम दिसू दिली आहेत. हे आवरण आहे, हे इमारत स्वतःच सांगते. टाइलच्या बाबतीत याचा अर्थ असा की सांधे सरळ एकाखाली एक घ्यावेत आणि खिडकीभोवती धातूची बारीक पट्टी फिरवून टाइल तिथे स्वच्छ थांबवावी. मला हा रस्ता मनापासून आवडतो, आणि तो पुरेसा वापरला जात नाही.

दुसरा रस्ता धरलात तर मात्र विटेचे नियम पाळावे लागतात. खऱ्या भिंतीत खिडकीवरचं वजन कमान किंवा लिंटेल (वरची आडवी तुळई) पेलतं. टाइल काहीच पेलत नाही. पण बघणाऱ्याला हिशेब येत नसला तरी वजन कळतं. आडवे थर तसेच खिडकीवरून नेले की त्या विटा अधांतरी दिसतात आणि सगळी भिंत कागदासारखी वाटू लागते. म्हणून वर उभ्या विटांचा एक थर घ्या, दोन्ही बाजूंना निदान अर्धी वीट भिंतीवर टेकेल इतका लांब. त्यासाठी एल आकाराचे तुकडे वापरा, म्हणजे खालून पाहिलं तरी वीटच दिसेल. कमान करायची असेल तर पाचरीसारख्या निमुळत्या टाइल आधीच मागवा; सरळ टाइलने छोटी कमान केली की वरचे सांधे बेढब रुंद होतात.

बाजूच्या कडांना कोपऱ्याचे तुकडे. त्यांची एक बाजू पूर्ण विटेची, दुसरी अर्ध्या विटेची असते. एका थरात लांब बाजू समोर, पुढच्या थरात आखूड बाजू समोर, असं उलटसुलट लावलं की विटांची सांधेमोड (वरच्या-खालच्या थरांचे उभे सांधे एका रेषेत न येणं) आपोआप जुळते.

आता मापांकडे येऊ. टाइल 215 बाय 65 मिलिमीटरची आणि सांधा 10 चा धरा. एक थर 75 चा झाला. सिल (खिडकीच्या तळाची आडवी पट्टी) 900 वर घेतलं तर बरोबर 12 थर, खिडकीची वरची कड 2100 वर घेतली तर 28. वरचा उभा थर सांध्यासह 225, म्हणजे नेमके तीन आडवे थर. कुठेही टाइल चिरावी लागत नाही! आडव्या मापात एक बारकावा आहे. दोन खिडक्यांमधल्या भिंतीत विटांपेक्षा सांधा एक कमी असतो, खिडकीच्या मोकळ्या जागेत एक जास्त. म्हणून भिंत 225 च्या पटीतून 10 वजा, आणि खिडकी 225 च्या पटीत 10 अधिक. पाच विटांची खिडकी 1135 ची.

पण हे 1135 टाइल लागल्यानंतरचं माप. टाइल 20 आणि चिकटवणारा थर 5, म्हणजे दोन्ही बाजू मिळून 50 जातात. गवंड्याला 1185 ची जागा सोडायला सांगायला हवं, तेही भिंत चढायच्या आधी. हे राहून गेलं की टाइल चौकटीवर चढते, पल्ला अडतो, जाळीला जागा उरत नाही, आणि शेवटी मिस्त्री कडेला बोटभर चिंधोट्या कापून बसवतो. अर्ध्या विटेपेक्षा लहान तुकडा खिडकीच्या कडेला कधीही येऊ देऊ नका. थोडाफार फरक मधल्या भिंतीतल्या सांध्यांमध्ये वाटून टाका. 8 ते 12 मिलिमीटरमधला फरक डोळ्याला खटकत नाही.

पाण्याबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. टाइल आणि तिचे सांधे पाणी अडवत नाहीत. अडवतो तो मागचा वॉटरप्रूफिंगचा थर, आणि तो खिडकीच्या आत वळून चौकटीपर्यंत पोहोचलाच पाहिजे. टाइल आणि चौकट यांच्यामध्ये 8–10 मिलिमीटरची फट ठेवा, आत फोमची दोरी आणि वर सीलंट (फट बुजवणारा लवचिक लेप). ती फट सिमेंटने भरली की थोड्याच काळात तडकते. वरून ओघळणारं पाणी खिडकीच्या छताला, म्हणजे मोकळ्या जागेच्या वरच्या आतल्या बाजूला, धरून आत सरकतं, म्हणून समोरच्या टाइलच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी धातूची पट्टी हवी. सिलवर मात्र टाइल लावूच नका. आडव्या पृष्ठभागावर इतके सांधे म्हणजे पाण्याला आमंत्रण. एकसंध दगड किंवा धातूचं सिल घ्या, बाहेर उतार द्या, टाइलच्या चेहऱ्यापासून 40 मिलिमीटर पुढे काढा आणि खालून खाच पाडा. गिलाव्यापासून 40 मोजलंत तर टाइल लागल्यावर पुढे जेमतेम 15 उरतात. सिलची दोन्ही टोकं थोडी वर वळलेली असावीत, नाहीतर खिडकीच्या कोपऱ्यांखाली काळे ओघळ ठरलेले.

खिडकीच्या छताला चिकटवलेली टाइल माणसांच्या डोक्यावर असते. या जाडीच्या भाजक्या मातीचं वजन चौरस मीटरला साधारण 35 ते 40 किलो भरतं. रंगवलेल्या गिलाव्यावर ती कधीच चिकटवू नये. अॅडेसिव्ह भिंतीला आणि टाइललाही लावावं, मागे पोकळी राहू देऊ नये. दारावर तर नुसत्या अॅडेसिव्हवर विसंबू नका, धातूचा आधार द्या. खिडकीच्या चारही कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात, तिथे गिलाव्यात जाळीचे तिरके तुकडे घाला. दाराच्या कडांना खाली सामान आपटतं, टवके उडतात. तिथे पहिला हातभर उंचीचा भाग दगडाचा करावा.

आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी साइटवर एक खिडकी खरीखुरी पूर्ण करा: सिल, दोन्ही कडा, वरचा थर, सीलंट, सगळं. मग वरून पाइपने पाणी सोडा, आत जाऊन चौकटीच्या कोपऱ्यांवर हात फिरवा आणि जिथे ओल लागेल तो तपशील ड्रॉइंगमध्ये बदला.