झार बोरिसचा आवाज: फ्योदोर शाल्यापिन

४ जुलै १९२८ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात चालू प्रयोगाचे ध्वनिमुद्रण झाले. प्रयोग होता रशियन संगीतकार मुसॉर्ग्स्कीच्या, झार बोरिसवरच्या 'बोरिस गोदुनोव' या ऑपेराचा. भोवतालचे कलावंत आणि वृंद इटालियनमध्ये गात आहेत आणि मरणासन्न झार मात्र रशियनमध्ये. 'मी अजून झार आहे!' असे तो ओरडतो, आणि पुढच्याच क्षणी त्या प्रचंड आवाजातला सूर सुटून केवळ श्वास आणि क्षमा मागणारी पुटपुट उरते. ऑपेराचा गायक ऐन मोक्याच्या जागी गाणेच सोडून देतो, हे धाडस त्या काळी थोड्यांनीच केले असते. ते करणारा होता फ्योदोर इवानोविच शाल्यापिन.

रंगभूमीवरच्या या झारचा जन्म १३ फेब्रुवारी १८७३ रोजी कझान शहरात मूळच्या शेतकरी अशा एका गरीब कुटुंबात झाला. वडील कचेरीत कारकुनी करीत आणि दारूच्या आहारी गेलेले होते. मुलाला कधी चांभाराच्या, तर कधी कातारी कारागिराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले गेले. गाणे त्याला भेटले ते चर्चच्या वृंदात. सतराव्या वर्षी तो उफा गावच्या एका नाटकमंडळीत शिरला आणि भटकत भटकत १८९२ साली तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला, पोहोचला. तेथे मॉस्कोच्या बोल्शोय रंगमंदिरात एकेकाळी गाणारे दिमित्री उसातोव यांनी त्याला एक पैसाही न घेता शिकवले. या फाटक्या शिष्याच्या अंगाला येणारा वास त्यांनी न संकोचता बोलून दाखवला आणि घरातले धुतलेले कपडे व मोजे त्याच्या हाती ठेवले. शाल्यापिनचे गायनशिक्षण एवढेच. तो कोणत्याही संगीत विद्यालयात गेला नाही.

पीटर्सबर्गच्या शाही मारीन्स्की रंगमंदिरात १८९५ साली त्याला जागा मिळाली, पण तेथे तो गुदमरला. त्याला मोकळे केले ते रेल्वेच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या साव्वा मामोन्तोव यांच्या खासगी ऑपेराने. तेथे पडदे आणि वेशभूषा कोरोविन, व्रुबेल यांच्यासारखे चित्रकार करीत. त्यांच्या सहवासात शाल्यापिन रंगभूषेचे मर्म शिकला आणि पुढे आपला चेहरा आपणच रंगवू लागला. १८९८ च्या उन्हाळ्यात मॉस्कोबाहेरच्या एका ग्रामीण घरी तरुण संगीतकार रखमानिनोव त्याच्याकडून बोरिसची भूमिका बसवून घेत होता. पण नुसते सूर पाठ होऊन शाल्यापिनचे समाधान होईना. त्याने इतिहासकार क्ल्युचेव्स्की यांना गाठले आणि त्या वृद्ध प्राध्यापकांनी रानात त्याच्याबरोबर फिरता फिरता धूर्त सरदार शुयस्की स्वतः वठवून दाखवला. त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोला हा बोरिस रंगभूमीवर आला. त्याचा आवाज बास, म्हणजे पुरुषी आवाजांतला सर्वांत खालच्या पट्टीचा. पण तो शब्दाच्या अर्थाप्रमाणे सुराचा रंग बदलत असे. आपल्याकडे 'गायकनट' हा शब्द आहे, तो त्याला चपखल लागू पडतो.

१९०१ साली मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात तो बोइतोच्या 'मेफिस्तोफेले' या ऑपेरातला सैतान गायला. वाद्यवृंदाचे संचालन तोस्कानिनीचे, सोबतीला गायक कारुसो, आणि तेथल्या रिवाजाप्रमाणे टाळ्यांचे पैसे मागायला आलेल्या भाडोत्री टोळीला त्याने हाकलून लावले. टाळ्या फुकटच पडल्या. न्यूयॉर्कने मात्र १९०७ मध्ये उघड्या छातीच्या या सैतानाला पाहून नाक मुरडले; पुढच्याच वर्षी रशियन कलासंयोजक द्यागिलेव्हने पॅरिसला नेलेल्या 'बोरिस'ने त्याची भरपाई झाली.

कीर्तीबरोबर राजकारणही मागे लागले. जानेवारी १९११ मध्ये मारीन्स्कीत 'बोरिस'च्या प्रयोगानंतर वृंदातील कलाकार आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी झार निकोलाय दुसरा याच्यासमोर गुडघ्यांवर बसून राष्ट्रगीत गाऊ लागले, आणि मंचावर असलेला शाल्यापिनही खाली बसला. पुरोगाम्यांनी त्याला लाचार ठरवले. जिवलग मित्र, लेखक गॉर्कीही दुखावला. क्रांतीनंतर १९१८ मध्ये 'लोककलावंत' ही नवी पदवी त्याला सर्वांच्या आधी मिळाली. १९२२ मध्ये तो दौऱ्यासाठी म्हणून परदेशी गेला तो परतलाच नाही. पॅरिसमधील रशियन निर्वासितांच्या भुकेल्या मुलांसाठी त्याने एका धर्मगुरूकडे पैसे दिले, तेव्हा क्रांतीच्या शत्रूंना मदत केल्याचा ठपका ठेवून १९२७ मध्ये ती पदवी काढून घेण्यात आली.

१२ एप्रिल १९३८ रोजी पॅरिसमध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला. त्याचे अवशेष १९८४ मध्ये मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत आणले गेले. पदवी काढून घेणारा हुकूम १९९१ मध्ये रद्द झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही.